कमी चाललेली, तरी जुनी: वसई-विरारमधील मोटारगाड्यांचे बिघाड आणि सुरक्षितता

मोटारगाडी तीन कारणांनी जुनी होते: चालल्याने, वर्षे लोटल्याने आणि ज्या हवापाण्यात ती उभी असते त्याने. चालण्याने इंजिन, क्लच, गिअर आणि बेअरिंग झिजतात. त्याची नोंद डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्यात होत राहते. वर्षे लोटली की रबर कडक होऊन तडकते, ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरते, बॅटरी कमजोर होते. हवापाण्याने पत्रा, नळ्या आणि तारांचे सांधे गंजतात. या दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांचा हिशेब कोणत्याही मीटरवर उमटत नाही.

वसई-विरारमध्ये हा फरक नीट समजून घ्यावा लागतो. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर अशा चौकटीत हा भाग वसला आहे. अर्नाळा, राजोडी, कळंबपासून भुईगाव, रानगावपर्यंत खारा वारा गावांत शिरतो, खाडीकडेला मिठागरे आहेत आणि जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. दुसरीकडे येथील नोकरदार रोज विरार लोकलने अंधेरी, दादर, चर्चगेट गाठतो. गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात, पुष्कळदा उघड्यावर, उभी असते आणि रविवारी किंवा सणासुदीला बाहेर निघते. दहा वर्षांत चाळीस-पन्नास हजार किलोमीटरच चाललेली गाडी येथे नवलाची नाही. विकताना ‘रनिंग कमी आहे’ हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. इंजिनापुरता तो खराही असतो. पण माणसाचा जीव ज्यांवर अवलंबून असतो, ते ब्रेक, टायर, नळ्या आणि खालचा पत्रा, यांचे वय त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून अशा गाडीची तपासणी किलोमीटरवर न सोडता वर्षांवर आणि पावसाळ्यांवर बांधणे हेच सुरक्षिततेचे पहिले सूत्र ठरते.

गंज

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. तिला पाणी आणि प्राणवायू लागतो. पाण्यात मीठ असेल तर ती कितीतरी वेगाने घडते. मिठाचा आणखी एक गुणधर्म येथे महत्त्वाचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच विरघळते. पावसाळ्यात किनारपट्टीची हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. त्यामुळे चाकाच्या कमानीत साचलेला खारट चिखल पाऊस थांबला तरी ओलाच राहतो आणि त्याखाली पत्रा खात राहतो.

गंज वरून दिसतो त्याहून खाली जास्त असतो. दरवाजांखालचा पोकळ पट्टा, पायाखालचे फ्लोअर, डिकीतील स्टेपनीची खोबण, शॉकअपचे वरचे माउंट, इंजिन तोलून धरणारी सबफ्रेम, इंधनाच्या टाकीला धरणारे पट्टे आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या ही त्याची ठरलेली ठिकाणे. दरवाजांना आणि पुढच्या काचेखालच्या जाळीला पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. बदाम किंवा चिंचेच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पाल्याने बुजतात. मग पाणी आतल्या मॅटखाली उतरते आणि फ्लोअर आतून सडू लागते. गाडीत कायमचा कुबट वास येत असेल तर मॅट उचलून पाहावी.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. बोलेरो किंवा सुमोसारख्या गाड्यांना वेगळी चासी असते, पण बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो आणि धडकेचा जोर पसरवून आतल्या माणसांना वाचवतो. खालचे पट्टे सडले की धडकेत हा सांगाडा ठरल्याप्रमाणे न दुमडता भलतीकडेच कोसळतो. अशा जागी पुट्टी भरून रंग मारला तर दोष झाकला जातो, जोर परत येत नाही. साधे चुंबक लावून पाहिले तरी पुट्टीचा जाड थर ओळखता येतो, कारण तेथे ते चिकटत नाही. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा नीट वेल्ड करणे हाच खरा इलाज आहे.

सायलेन्सर गंजून फुटला आणि फ्लोअरलाही भोके पडली असतील तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, झापड ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात. बंद जागेत एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपणे म्हणून जीवघेणे ठरते. जुन्या गाडीत तर अधिकच.

उपाय स्वस्त आहेत. गाडी किनाऱ्याच्या वाळूत उतरवू नये. उतरवलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी. मार्च-एप्रिलमध्ये, पत्रा कोरडा असताना, खालचा गंज खरवडून मग संरक्षक लेप द्यावा. गंजावरच लेप मारला तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा आणखी लवकर जातो.

ब्रेक

उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्रेकमध्ये झीज कमी आणि जखडणे जास्त आढळते. डिस्कच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. मग एका बाजूचे पॅड सतत घासत राहते, चाक तापते आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रममध्ये व्हील सिलिंडरची रबरे फुगतात किंवा गळतात आणि तेल लायनरवर पसरले की ते चाक थांबेनासे होते. हँडब्रेकची केबल पावसाळ्यात आतून गंजून धरते. म्हणून सपाट जागी जास्त दिवस गाडी ठेवायची असल्यास हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरमध्ये ठेवणे आणि चाकांना उटी लावणे बरे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. रोजच्या गावातल्या फेऱ्यांत याचा पत्ता लागत नाही. जव्हार-मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील तोरंगण घाटात किंवा नाशिकहून परतताना कसारा घाटात सलग ब्रेक दाबत उतरले की ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल थेट तळाला जाते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालली असो वा नसो. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे अत्यंत धोक्याचे; इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

पेडल हळूहळू खाली बसत जाणे हे मास्टर सिलिंडरच्या आतल्या गळतीचे लक्षण आहे. पेडल लुसलुशीत लागणे म्हणजे नळ्यांत हवा शिरली आहे. लोखंडी ब्रेक नळ्या मागच्या ॲक्सलजवळ गंजतात आणि जोराने ब्रेक दाबला जाईल तेव्हाच फुटतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी. पाच वर्षांपुढच्या गाडीत या नळ्या आणि चाकाजवळचे रबरी होज दरवर्षी डोळ्यांनी तपासलेच पाहिजेत.

टायर, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

भारतात कारच्या टायरच्या खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. खाचांमध्येच उंचवट्याच्या रूपात झिजेची खूण दिलेली असते. टायर तिच्या बरोबरीला आला की त्याचे काम संपले. पण कमी चालणाऱ्या गाडीत खाचा चांगल्या दिसतात आणि टायर मात्र म्हातारा झालेला असतो. त्याच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांपुढे खाचा शिल्लक असल्या तरी वापरू नये, असा बहुतेक कंपन्यांचा सल्ला आहे. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे; न वापरलेली स्टेपनी गाडीइतकीच जुनी असते.

एकाच जागी महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या भागी चपटे पडतात, कडेच्या भिंतीवर बारीक चिरा येतात. असा टायर कमी हवेवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर वेगाने चालवला की कडेची भिंत सतत वाकते, उष्णता वाढते आणि टायर फुटतो. हवेचा दाब महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना पाहावा.

सस्पेन्शनचा बिघाड आवाजाने कळतो. गतिरोधकावर ‘खट्ट’ आवाज आला तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, वळताना कटकट आली तर ॲक्सलचा सांधा, वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे चाकाचे बेअरिंग. यांतील बॉल जॉइंट आणि टाय रॉड एण्ड हे सर्वांत गंभीर. ते निखळले तर चाक आडवे होते आणि गाडी हातात राहत नाही. त्यांच्यावरचे रबरी बूट फाटले की आत पाणी आणि चिखल जातो. बूट स्वस्त असतो. तो वेळेत बदलला तर पुढचा खर्च आणि धोका दोन्ही टळतात. बसलेल्या शॉकअपने केवळ धक्के बसत नाहीत, तर चाक रस्त्यावरून उडत राहिल्याने ब्रेक लागायला अंतरही जास्त लागते.

इंजिन गरम होणे आणि इतर बंद पडणे

रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या गाडीचे बोनेट उघडून वाफ निघताना दिसणे हे महामार्गावरचे नेहमीचे दृश्य आहे. वसईच्या खाडीवरील नवा वर्सोवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, तरी मालजीपाडा-ससूनवघरच्या पट्ट्यात आणि घोडबंदरच्या गायमुख घाटात कोंडी झाली की गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. चालत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत सारी भिस्त पंख्यावर असते. पंख्याची मोटर, रिले किंवा तापमान सांगणारा सेन्सर बिघडला असेल तर तो बिघाड नेमका कोंडीतच उघडा पडतो.

दुसरे कारण पाणी. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे किंवा टँकरचे पाणी घालण्याची सवय व्यापक आहे. त्यातील क्षारांचा थर आत बसतो आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्य विरळ होते. वारंवार पाणी कमी होत असेल तर रोज भर घालून भागवू नये. गळती नळीत, वॉटर पंपात की हेड गॅस्केटमध्ये आहे ते शोधून काढावे. तापमानाचा काटा चढताच एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडून गंभीर भाजल्याच्या घटना याच घाईत होतात.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत तो रबरी पट्टा किलोमीटर किंवा वर्षे, यांतील जे आधी येईल त्याप्रमाणे बदलायचा असतो. मारुती ८०० आणि जुन्या ऑल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात असा पट्टा आहे. तो तुटताना आधी काही सांगत नाही. चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद पडते आणि महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये ही गोष्ट जीवावर बेतू शकते.

विजेचे दोष, इंधन आणि आग

गाडीच्या आगीचे मूळ बहुधा दोन ठिकाणी असते: वायरिंग आणि इंधनाची गळती. मूळ वायरिंगला फ्यूजचे संरक्षण असते. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, जादा प्रखर दिवे, रिव्हर्स कॅमेरा यांच्या तारा पुष्कळदा फ्यूज आणि रिले न घालता, टेप गुंडाळून जोडलेल्या असतात. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर आणि अर्थिंगच्या जोडांवर पांढरा-हिरवा थर चढतो. त्यामुळे दिवे मंद होतात, स्टार्टर ओढत नाही आणि जोड तापतात. वाड्या, खाडी आणि कचराकुंड्यांजवळ उभ्या असलेल्या गाड्यांत उंदीर-घुशी तारांची वेष्टणे कुरतडतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

इंधनाच्या रबरी नळ्या वयाने तडकतात. त्यात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनाला अनुरूप बनवलेल्या आहेत; त्याआधीच्या, विशेषतः खूप जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. इथेनॉल पाणी शोषते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये.

या भागात सीएनजीच्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत. टाकीतील दाब सुमारे २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट असतो. त्यामुळे सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे आणि तिची तारीख गाडीवरील पट्टीवर असते. खासगी वापराच्या कमी चालणाऱ्या गाडीत ही तारीख सहज विसरली जाते. सिलिंडर बसवलेल्या पट्ट्यांखाली पाणी साचून गंज धरतो. तेथे तपासणी आवश्यक. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने काचा उघडताच वर निघून जातो. जुन्या ओम्नीसारख्या गाड्यांतील एलपीजी मात्र जड असतो आणि फ्लोअरवर साचून राहतो. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणे बेकायदा तर आहेच, पण आजवर अनेक स्फोटांचे ते कारण ठरले आहे.

पाणी साचलेले रस्ते

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबली आणि वसईच्या मिठागरातील वस्तीचा संपर्क तुटला. आचोळे, तुळींज, दिवाणमान, एव्हरशाईन अशा सखल भागांतील गाडीमालकांना पाण्यातल्या गाडीचा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो.

पाणी हवेच्या फिल्टरमधून इंजिनात शिरले तर पिस्टन ते दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून सुरू करण्याचा प्रयत्न म्हणून कधीही करू नये. बॅटरीची तार काढून गाडी ओढून न्यावी. साध्या विम्यात इंजिनाचे असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल तपासून बदलावे, ड्रम उघडून चिखल काढावा. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर ब्रेक हलके दाबत सुकवावे. ओले लायनर पहिल्या दाबाला धरत नाहीत.

माणसांसाठीचा धोका आणखी मोठा आहे. पाण्याने शॉर्टसर्किट झाले की पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक चालत नाहीत. काच फोडण्याची छोटी हातोडी हाताशी असावी. वाहत्या पाण्याखाली रस्ता दिसत नसेल तर गाडी घालूच नये.

पुरात बुडालेल्या गाड्या पुसून-पासून बाजारात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबई परिसरात अशा गाड्यांचा सुळसुळाट झाला होता. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, सीटच्या बोल्टांना आणि रुळांना गंज आहे का, डॅशबोर्डखाली गाळ आहे का हे पाहावे.

अपघातात वाचवणारी साधने

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातच, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी होती. तरीही पट्ट्याविना तिचा उपयोग झाला नाही. जुन्या गाडीत तर अनेकदा मागचे पट्टे सीटखाली गाडलेले, पुढचे विरलेले किंवा ओढल्यावर परत न जाणारे असतात. पट्टा झटक्याने ओढल्यावर जाग्यावर अडला पाहिजे. कडा विरल्या असतील तर तो बदलला पाहिजे. एका मोठ्या अपघातात ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा वापरू नये.

जुन्या गाड्यांत मूळचीच साधने कमी असतात, हेही ध्यानात ठेवावे. चालकासाठी एअरबॅग, रिव्हर्स सेन्सर आणि वेगाची सूचना या गोष्टी १ जुलै २०१९ पासून सक्तीच्या झाल्या. सर्व नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत यांपैकी काहीच नाही. अशा गाडीचा वेग कमी ठेवणे आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवणे, हीच तिची सुरक्षा-साधने.

एअरबॅग असली तरी ती वयाने धोकादायक होऊ शकते, हे जपानच्या टाकाटा कंपनीच्या प्रकरणाने जगाला शिकवले. तिच्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट अनेक वर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते. धडकेत ते जास्त जोराने फुटून धातूचे तुकडे माणसावर येतात. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. दमट आणि उष्ण प्रदेशांतील जुन्या गाड्यांना हा धोका सर्वांत अधिक असल्याचे तपासात दिसले. कोकणपट्टी त्याच हवामानाची आहे. भारतात होंडा, टोयोटा आणि निसान यांनी आपली काही जुनी मॉडेले यासाठी परत बोलावली. गाडी दोन-तीन हात फिरून आली असेल तर कंपनीचे पत्र पहिल्या मालकाकडेच गेलेले असते. चासी क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत केंद्रात विचारणा करावी. ही दुरुस्ती विनामूल्य असते. सरकारी आदेशाने गाड्या परत मागवण्याचा १ एप्रिल २०२१ पासूनचा नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहे. त्याहून जुन्या गाडीच्या मालकाने म्हणूनच स्वतः चौकशी करणे भाग आहे.

पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची फॅशनही अनिष्ट आहे. त्याने धडकेचा जोर सेन्सरपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा होते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदीचे निर्देश दिले.

दिसणे हीदेखील सुरक्षाच. दिव्यांची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते आणि प्रकाश निम्म्यावर येतो. ती घासून स्वच्छ करता येते. वायपरची रबरे मे महिन्याच्या उन्हात कडक होतात, म्हणून ती दरवर्षी पावसाआधी बदलावीत. पावसात काचेवर आतून धुके धरू नये यासाठी एसी चालू असणे आवश्यक असते. जुन्या गाडीत एसी नादुरुस्त ठेवणे हा केवळ उकाड्याचा प्रश्न राहत नाही.

कायदा काय तपासतो

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पालघर जिल्ह्यासाठी हे काम एमएच ४८ च्या वसई-विरार येथील परिवहन कार्यालयात चालते. कारच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरातील जुन्या गाड्यांवरची १० आणि १५ वर्षांच्या वयाची बंदी महाराष्ट्राला लागू नाही. प्रवासी टॅक्सी म्हणून चालणाऱ्या ईको-टॅव्हेरासारख्या गाड्यांना मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी त्यामुळेच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

यातली मोठी उणीव उघड आहे. खासगी गाडीच्या ब्रेक-स्टिअरिंगची पहिली सरकारी तपासणी थेट पंधराव्या वर्षी होते. मधल्या काळात वेळोवेळी लागते ते पीयूसी. ते धूर मोजते, गाडी थांबते की नाही ते मोजत नाही. आठव्या-दहाव्या वर्षी, जेव्हा रबर, नळ्या आणि पत्रा दगा देऊ लागतात, तेव्हा कंपनीची वॉरंटी संपलेली असते, मालक केवळ तृतीय पक्ष विम्यावर आलेला असतो आणि गाडी बहुधा दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. ही पोकळी भरण्याची जबाबदारी मालकावरच येते.

तपासणीचा क्रम आणि निरोपाची वेळ

वर्षातून दोन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली मे महिन्यात: ब्रेक पूर्ण उघडून पाहणे, ब्रेक ऑइल, टायर, वायपर, दिवे, पाण्याची भोके, खालचा लेप, बॅटरीचे जोड. दुसरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर: खालून धुलाई, गंजाची पाहणी, रबरी बूट, चाकांची बेअरिंग, हँडब्रेकची केबल, एअर फिल्टर. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय यांतील निम्म्या गोष्टी दिसत नाहीत. चावी फिरवताच डॅशबोर्डवरचे सर्व इशारा-दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा मुळीच लागत नसेल तर दोष लपवण्यासाठी तो काढलेला असू शकतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सुटे भाग मूळ कंपनीचेच घ्यावेत. जुन्या बाजारातून आणलेला आरसा किंवा दरवाजा चालेल, पण ब्रेकचे पॅड आणि टाय रॉड एण्ड चालणार नाहीत. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावे, म्हणजे बॅटरी भरते, ब्रेक सुटे राहतात आणि ऑइल फिरते.

पैसे मोजकेच असतील तर क्रम ठरलेला ठेवावा: आधी जे गाडी थांबवते आणि वळवते, मग जे आग रोखते, मग जे माणसाला धडकेत धरून ठेवते, मग जे दाखवते. रंग, सीट कव्हर आणि म्युझिक यांचा नंबर त्यानंतर.

भार पेलणारा पत्रा, शॉकअपचे माउंट किंवा सबफ्रेम वेल्ड करण्यापलीकडे सडली असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी गाडीचे आयुष्य संपले असे समजावे. ती दुसऱ्याला विकणे म्हणजे धोका पुढच्या माणसाकडे सरकवणे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार अशी गाडी नोंदणीकृत मोडतोड केंद्राकडे द्यावी. तेथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुन्या गाडीची नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द झाल्याची खातरजमा केल्यावरच मालकाची जबाबदारी पूर्ण होते.